वाचनालयात पूर

लातूर जिल्हा नवानवा झाला होता आणि दुष्काळानं गावातल्या सगळ्या विहिरींचे तळ उघडे पाडले होते. टँकर मंजूर करणारे साहेबच वाचन सप्ताहाला पाहुणे म्हणून आले, तेव्हा त्यांना खूश करायला ग्रंथपाल मन्मथअप्पानं कपाटातली सगळ्यात जाड कादंबरी काढली आणि त्यातला महापूर वाचायला घेतला.

आवाज असा लागला, की म्हाताऱ्यांनी धोतरं गुडघ्यावर खोचली. नीलाबाईनं चपला उचलून डोक्यावर धरल्या आणि ओरडली, "अप्पा, दमानं वाचा की! लेकरू वाहून जायलंय माझं!"

अप्पाला आणखीच चेव आला.

साहेबांनी खुर्चीवर उभं राहूनच टँकरचा अर्ज मागवला आणि शेरा मारला : 'टँकर नको. होडी तातडीने पाठवावी.'