निनावी साचा

दुपारी सव्वाबाराला अभिप्राय आला. भूजल विभागाच्या प्रमुखपदासाठी तिने दिलेला प्रस्ताव निवड समितीच्या एका सदस्याने मोडीत काढला होता. सदस्याचं नाव नव्हतं. नियमच तसा होता.

पहिलं वाक्य : 'मांडणी देखणी, आशय पोकळ.' शेवटचं : 'अर्जदाराने सजावटीचंच काम करत राहावं. त्यात त्यांना गती आहे.'

भूजलशास्त्रात तिने डॉक्टरेट केली होती. संस्थेत मात्र तिला 'छापखाना' म्हणत. तिथली विद्वान मंडळी साध्या अक्षरांच्या एडिटरमध्ये टिपणं खरडत. मथळ्याआधी एक चिन्ह टाकायचं, ठळक शब्दाच्या दोन्ही बाजूंना चांदण्या डकवायच्या आणि तो गबाळा मजकूर तिच्याकडे ढकलायचा. "छापखाना, जरा पीडीएफ काढून दे गं." ती काढून देई. आपला मथळा कुठे संपतो हे ज्यांना कळत नाही, त्यांना जमिनीखालचं पाणी कुठे संपतं ते काय कळणार, असं तिचं मत होतं. ते ती लपवतही नसे.

अभिप्राय वाचत ती पानाच्या तळाशी आली आणि थांबली. तळटीपेच्या वर एक रेघ होती. डावीकडून निघालेली, पानाच्या तिसऱ्या हिश्शातच तुटलेली.

ती रेघ तिनेच आखली होती. गेल्या वर्षी, सरांच्या टिपणांसाठी केलेल्या साच्यात. सर म्हणजे संस्थेतले सगळ्यांत ज्येष्ठ शास्त्रज्ञ, आणि निवड समितीचे सदस्य. "आख्खी रेघ नको गं, हमरस्ता वाटतो," ते म्हणाले होते. मग त्यांनी त्याच रेघेचा आणखी एक साचा मागितला होता. मजकूर टाकला, बटण दाबलं, की पीडीएफ बाहेर. पण त्या पीडीएफवर लिहिणाऱ्याचं नाव नको, तारीख नको, काही नको. तिने करून दिला. लेखकाच्या नावाची ओळ रिकामी सोडली आणि साच्याचं नाव ठेवलं 'निनावी'.

आणि मागच्याच आठवड्यात सर जिन्यात भेटून म्हणाले होते, "मी आहे ना तुझ्या बाजूने."

तिने स्क्रीन शेजारच्या टेबलाकडे वळवली. तिथला सहकारी आलेख काढत बसला होता.

"ही रेघ बघ. सरांची आहे."

"रेघेवर नाव कोरलंय का?" तो म्हणाला. "संचालकांना काय सांगणार? साहेब, मी रेघ ओळखली? हसतील ते."

"हसू देत. त्यानिमित्ताने तोंड तरी उघडतील."

तीनच्या सुमारास सर स्वतःच दारात आले. "कळलं मला. कोण गाढवं असतात गं हे असलं लिहिणारी! मनाला लावून घेऊ नकोस." आणि त्याच दमात, "बरं, तो तुझा निनावी साचा रुसलाय. मी जरा अक्षरं बदलायला गेलो, तर एक्स्पोर्टच होईना. बघतेस जरा?"

चोराच्या उलट्या बोंबा, असं मनात म्हणून ती उठली.

सरांच्या खोलीत तिने त्यांच्या मशीनवर साचा उघडला. सर पाठमोरे, खिडकीशी उभे होते.

"विचार करणाऱ्याला साधी अक्षरं पुरतात," ते म्हणाले. "पुढची रंगरंगोटी तुमच्यासारख्यांनी करायची. मी तर निघालेली पीडीएफ उघडूनही बघत नाही. थेट पाठवतो."

"माहीत आहे, सर."

बिघाड क्षुल्लक होता. फॉन्टच्या नावात एक अक्षर जास्तीचं पडलं होतं. तिने ते खोडलं. मग ती लेखकाच्या ओळीवर गेली. ओळ अजून रिकामीच होती. तिथे तिने सरांचं पूर्ण नाव टाकलं, पदवीसकट. शेवटच्या पानाच्या तळाशी, तुटक्या रेघेखाली, बारीक अक्षरांत उमटेल असं. साचा जतन केला.

"झालं, सर. आता नीट निघेल."

"वा! सगळ्यांची सोय झाली. दुपारपासून फोनवर फोन चाललेत."

"कोणाचे?"

"समितीतल्यांचे, आणखी कोणाचे? सगळे तोच साचा वापरतात ना. महिन्यापूर्वी मीच समितीच्या सामाईक फोल्डरमध्ये टाकला. इथे दुरुस्त केला, की सगळ्यांकडे दुरुस्त." सर हसले. "मीच केलाय असं सांगितलं हं त्यांना. तुझं नाव कशाला उगाच? प्रमुखपदाचा अर्ज तुझा, आणि पुन्हा छापखाना म्हणून हिणवायचे."

तिचा हात माउसकडे गेला. तेवढ्यात सरांनी खुर्चीची पाठ धरली.

"ऊठ आता, बसू दे मला. तुझ्या प्रस्तावावर माझं अजून लिहायचंच राहिलंय."

ती उठली. टेबलाशी परतून तिने सामाईक फोल्डर उघडायचा प्रयत्न केला. तो समितीबाहेरच्यांना उघडत नव्हता. ती पुन्हा सरांच्या खोलीशी गेली. दार आतून बंद होतं.

पावणेपाचला तिच्या प्रस्तावावर दुसरा अभिप्राय आला. तो पहिल्यापेक्षा जहरी होता. प्रत संचालकांना गेली होती. शेवटच्या पानाच्या तळाशी, तुटक्या रेघेखाली, सरांचं नाव पदवीसकट उमटलं होतं.

तो कोणी लिहिला, हे अजून कळलेलं नाही.