एकाच बोर्डावर

पडद्यावरचा न्यायाधीशबाईंचा चेहरा तोंड अर्धवट उघडं ठेवून थिजला, तशी ती लॅपटॉपवर वाकली.

"मॅडम, ऐकू येतंय का? मॅडम?"

बाई हलल्या नाहीत. मग कोर्टाच्या कारकुनाचा आवाज तुटत तुटत आला. "ताई, तुम्ही दिसत नाही आहात... पाच मिनिटं थांबतो. मग समोरच्यांचं ऐकून मॅडम हुकूम देतील."

समोरचे म्हणजे तिचा नवरा आणि त्याचा वकील. हुकूम म्हणजे तिची लेक आजपासून कुणाकडे राहणार तो.

भावाच्या घराच्या तळातली ही खोली. भिंती जाड, खिडकी नावापुरती, मोबाइलच्या रेंजचा कायमचा नन्नाचा पाढा. म्हणून भावाने वरच्या मजल्यावरचं इंटरनेट विजेच्या तारेतूनच खाली आणलं होतं. वरच्या प्लगात एक डबी, खालच्या प्लगात एक डबी, मधे भिंतीतली दिव्या-पंख्याचीच तार. रविवारी दोघांनी करून पाहिलं तेव्हा चित्र आरशासारखं स्वच्छ आलं आणि भावाने स्वतःची पाठ थोपटून घेतली. फक्त रविवारी बाबा दवाखान्यात होते. काल ते घरी आले ते ऑक्सिजनचं यंत्र घेऊन, आणि खोलीत बोर्ड एकच असल्याने तेही तिथेच लागलं. बाबा त्याला 'सासू' म्हणायला लागले होते. दिवसभर कुरकुरते, पण तिच्यावाचून चालत नाही.

त्याच तारेवर दुसरं काही चालू असलं तर इंटरनेट तुटू शकतं, असं भावाने सांगितलं होतं. तिने फ्रिज बंद केला. डबीवरचा दिवा लालच. पंखा बंद केला, ट्यूबलाइट बंद केली, फोनचा चार्जर उपटला. लालच. आता बोर्डावर डबीखेरीज एकच प्लग उरला होता.

वर जावं, तर भाऊ बाबांचा जादाचा सिलिंडर भरून आणायला गेलेला, वहिनी कामावर, आणि किल्ल्या त्यांच्याचकडे. गल्लीच्या तोंडाशी रेंज यायची. मागच्या तारखेला ती तिथूनच बोलली होती आणि वकिलाने टोमणा मारला होता, "मॅडम, या बाई रस्त्यावर उभ्या राहून मूल मागतायत." त्यावर न्यायाधीशबाईंनी बजावलं होतं, पुढच्या वेळी घरातून, बंद खोलीतून बोला. मूल कुठे राहणार ते मला पाहू दे.

"काढ... तो," पलंगावरून बाबा म्हणाले. ते मघापासून तिच्याकडेच बघत होते.

"गप बसा हो बाबा."

"न्हाणीत जाताना... काढतोच की... नळी."

काढत होते खरे. सकाळी न्हाणीतून परत आले तेव्हा त्यांचे ओठ जांभळाएवढे काळे पडले होते.

"मी काय... पळून जातोय?" बाबा म्हणाले. "पोरीला... आण."

तिने प्लग काढला. तिला त्या क्षणी स्वतःची किळस आली, पण हात थांबला नाही. यंत्राने एक सुस्कारा टाकला आणि ते बंद पडलं. डबीवरचा दिवा हिरवा झाला आणि न्यायाधीशबाईंचं तोंड मिटलं.

"आलात? बरं झालं. घरी अजून कोण असतं?"

"वडील असतात, मॅडम. भाऊ-वहिनी वर राहतात."

"वडिलांची तब्येत?"

लॅपटॉपच्या पलीकडे बाबा उशीला टेकून बसले होते. छाती भात्यासारखी वरखाली होत होती. त्यांनी हाताने खूण केली, बोल, बोल.

"बरी आहे आता," ती म्हणाली.

मग शाळेचं विचारलं. शाळा चालत जाण्याच्या अंतरावर आहे, ती म्हणाली. कामावर गेल्यावर मुलीला कोण बघणार? वहिनी दुपारी घरी येते, ती म्हणाली. सगळी उत्तरं तिने पाठ केली होती आणि ती घडाघडा बोलत होती, इतकी की न्यायाधीशबाईंनी दोनदा सावकाश म्हणून सांगितलं. सावकाश कसं बोलणार? टेबलाखाली यंत्राचा प्लग तिच्या मुठीत घामाने ओला झाला होता. बाबांनी डोळे मिटले. दमले असतील, तिने स्वतःला सांगितलं.

"ठीक आहे," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "तूर्त मुलीने आईकडे राहायला माझी काही हरकत..."

"मॅडम, एक मिनिट," वकील मधेच बोलला. "यांचे वडील अंथरुणाला खिळलेत. त्या एवढ्याशा खोलीत दिवसरात्र ऑक्सिजनचं यंत्र घरघरतं. तिथे लहान मूल झोपणार कसं?"

काल यंत्र आलं आणि आज यांना कळलंसुद्धा. भिंतींना कान असतात ते काही खोटं नाही. तिने प्लग बोर्डापर्यंत नेला. आता लावला तर चित्र जाणार, आणि चित्र गेलं तर लेक जाणार. अजून एक वाक्य, ती मनात म्हणाली, बाबा, एकच वाक्य.

"असं?" न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला. "जरा सगळे गप्प बसा बघू. तुम्हीसुद्धा, ताई."

सगळे गप्प झाले. न्यायाधीशबाई पडद्याकडे वाकून, कान देऊन ऐकू लागल्या. बाबांच्या पलंगाकडे बघत तीही ऐकू लागली.

"मला तर खोलीत कसलाच आवाज येत नाही," त्या म्हणाल्या. "घ्या लिहून."