बुधवारचं मागणं

आमच्या चर्चमध्ये बुधवारी ज्याने त्याने उठून आपलं मागणं सांगायचं आणि सगळ्यांनी मिळून ते देवापुढे ठेवायचं, अशी रीत आहे. गिरणीत कामाला जाणाऱ्या व्हर्नाचं मागणं वर्षानुवर्षं एकच असायचं, "आमची टॉवेलची गिरणी चालू राहू दे."

तिची भावजय ग्लेनिस मोज्यांच्या कारखान्यात होती. बाहेरच्या देशांतून येणाऱ्या स्वस्त मोज्यांपुढे टिकाव न लागून तो बंद पडला, आणि सरकारने तिथल्या कामगारांना नवं शिक्षण देऊ केलं. या बुधवारी ग्लेनिस थेट नर्सिंगच्या वर्गातून आली. पायात पांढरे बूट आणि गळ्यात नवाकोरा स्टेथोस्कोप.

"काढून ठेवायला विसरलात वाटतं, वहिनी," व्हर्ना म्हणाली. लहानपणी अख्ख्या आळीतल्या बाहुल्यांची मलमपट्टी व्हर्नाच करायची.

"विसरले खरी. फी सरकार भरतंय, वन्सं. वर घरखर्चालाही देतं."

"मग आम्हाला का नाही?"

"तुमची गिरणी चालू आहे ना. बंद पडलेल्यांसाठीच आहे ते."

व्हर्ना बाहीवरचा कापूस वेचत राहिली.

पास्टरांनी मागणी विचारली तेव्हा ती उठली नाही. मग ग्लेनिसच उभी राहिली. "आमच्या वन्सं आज दमल्यात. त्यांच्या वतीने मी मागते. त्यांची गिरणी कधी बंद पडू नये."

सगळ्यांनी डोळे मिटून 'आमेन' म्हटलं. मी व्हर्नाला लागूनच बसले होते. तिचा आवाज त्यात नव्हता.