नव्या कार्डाची पूजा

"कार्डच खराब आहे," भारतशेठ पुन्हा म्हणाले. "तुम्हीच बसवलंत ना? मग निस्तरा."

योगिनी दात आवळून सर्व्हरच्या मागे वाकली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी तिनेच हे फायबरचं कार्ड बसवलं होतं आणि हिरवा दिवा लगेच लागला होता. आज, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मात्र येवला आणि देवळ्याची कांद्याची गोदामं लाइन बंद म्हणून सकाळपासून फोनवर बोंबलत होती. कार्ड गेलं तर आपली नोकरीही गेली, हे तिला ठाऊक होतं.

तिने बाहेरची केबल काढली. फायबरचा हातभर तुकडा घेऊन त्याची दोन्ही टोकं कार्डातच खोचली. कार्डाचा उजेड फिरून कार्डातच आला, की दिवा लागतो.

दिवा लागला नाही.

"बघा," भारतशेठना चेव आला. "आई म्हणतच होती, नव्या वस्तूला शुभ हात लागावा. मीच ऐकलं नाही."

आतल्या केबिनमध्ये त्यांच्या आई, वत्सलाबाई, जपमाळ घेऊन बसल्या होत्या. दार उघडंच होतं.

योगिनीची कानशिलं तापली. दसऱ्याला पूजा मांडली तेव्हा याच माणसाने तिला सांगितलं होतं, तुम्ही जरा बाहेर थांबा, नवरा गेलेली बाई पूजेला आईला चालत नाही. ती काचेबाहेर उभी राहिली. आईचं बोट कार्डापर्यंत पोचावं म्हणून भारतशेठनी केबल उपटलेली तिने पाहिलीही होती. पण तेव्हा ती अपमान गिळत होती, केबलकडे कोण बघतो?

ती थबकली. मग तिने तपासणीचा बारीक कॅमेरा कार्डाच्या भोकात घातला आणि लॅपटॉप शेठकडे वळवला.

उजेड जायच्या वाटेवर लाल कण बसले होते. एक पिवळाही होता.

"हळदकुंकू," योगिनी म्हणाली. "उजेडाच्या तोंडात बोळा कोंबलाय तुम्ही. कार्ड ठणठणीत आहे."

तिने पुसायची कांडी काढली, भोकाजवळ नेली आणि हात थांबवला.

"पुसू का, शेठ? पूजेचं कुंकू आहे. माझा हात चालेल?"

फोन वाजू लागला. देवळा.

"पुसा," भारतशेठ जमिनीकडे बघत पुटपुटले.

"मोठ्याने सांगा," योगिनी म्हणाली. "आईंना ऐकू जाईल असं."