टिटवीची चार पिल्लं

मागचं दार उघडून कृष्णकांत पायरीवर आले आणि तिथेच थबकले. कुंपणापलीकडच्या मोकळ्या प्लॉटवर मुरमाचे तीन ढीग पडले होते. दुपारी ते अरुंधतीची औषधं आणायला गेले, तेवढ्यात डंपर येऊन गेले असावेत. टिटवीची चार अंडी होती नेमक्या त्याच जागी मधला ढीग होता. कृष्णकांत अनवाणीच कुंपण ओलांडून गेले. वाकून दोन्ही हातांनी थोडा मुरूम उपसला. मग थांबले. आता आत जाऊन तिला काय सांगायचं?

नवीन पनवेलला हे बैठं घर घेतलं तेव्हापासून मागचं अंगण अरुंधतीचं होतं. मुंगसाची जोडी, कुंपणावरचे सरडे, पेरूखाली पाणी प्यायला येणारा भारद्वाज, सगळ्यांच्या येण्याजाण्याच्या वेळा तिला पाठ होत्या. मोरीपाशी धामण निघाली तेव्हा काठ्या घेऊन धावलेल्या शेजाऱ्यांना तिने दारातच अडवलं होतं. टिटवी ओरडणं अशुभ, असं कोणी म्हटलं की ती नुसती हसे आणि मागे जाऊन पाण्याचं परळ भरून ठेवी. कृष्णकांत सकाळी सहाला मुंबईच्या ऑफिसला निघत, रात्री आठला परतत. जेवताना ती अंगणातल्या बातम्या सांगे. ते ‘हं’ म्हणत आणि भात कालवत.

ते निवृत्त झाले आणि दोनच महिन्यांत तिच्या पाठदुखीला नाव मिळालं. कॅन्सर हाडांत उतरला होता. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. मागे फक्त स्वयंपाकघर, तिथे खाट मावेना; म्हणून तिला पुढच्या खोलीत ठेवलं. तिथून रस्ता दिसे, अंगण नाही. रोज संध्याकाळी ती त्यांना मागे पाठवी. “बघून या ना, बसलीय का अंड्यांवर?” ते बघून येत. “बसलीय,” म्हणत. एवढंच.

त्या संध्याकाळी ते हात धुऊन आत आले. तिने मान वळवली. डोळे सुजल्यासारखे दिसत होते. दुखणं वाढलं असेल, त्यांना वाटलं.

“फुटली का हो अंडी?” तिने विचारलं.

“फुटली,” ते म्हणाले. तिच्या चेहऱ्याकडे बघून त्यांना पुढचं बोलवेना. मग एकदम तोंडातून निघून गेलं, “चारही फुटली. पिल्लं निघाली.”

ती काही वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. मग उशी जरा वर सरकवून घेत म्हणाली, “सांगा ना, कशी आहेत?”

खोटं बोलायची सवय नव्हती. पहिल्या दिवशी चार वाक्यांत घाम फुटला. पण दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा विचारलं, तिसऱ्या दिवशीही. मग ते स्टूल ओढून खाटेशी बसू लागले. थोरलं पिल्लू दांडगट आहे. धाकटं मागे पडतं. आई चोचीतून किडे आणते आणि चौघांना आळीपाळीने भरवते. काल वारा सुटला तेव्हा घरट्यावर पंख पसरून बसली होती. औषधांच्या दुकानात रांगेत उभं असताना ते मनाशी जुळवत, आज काय सांगायचं.

अरुंधतीचं अंग पुसायला सुकापूरहून सत्यवती सकाळी येई. तिने एकदा स्वयंपाकघरात हळूच विचारलं, “काका, तिथं तर मुरूम टाकलाय. पिल्लां कुठशी आली?”

“तिला बोलू नकोस.”

“नाय बोलत,” सत्यवती म्हणाली आणि पदराने डोळे पुसत बाहेर गेली.

पिल्लांच्या गोष्टींना फाटे फुटत गेले. लहानपणी आपण पोपटाचं पिल्लू खिशात घालून शाळेत नेलं होतं, मास्तरांनी बदडलं होतं, हे त्यांनी तिला सांगितलं. आई गेली तेव्हा आपण गच्चीवर जाऊन रडलो होतो, हेही. हे त्यांनी आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं. ती डोळे मिटून ऐके. कधी हात पुढे करी.

तीन आठवडे गेले. आता तिला पाणीसुद्धा चमच्याने द्यावं लागे.

“आज धाकट्याने घरट्याबाहेर पाय टाकला,” ते सांगत होते. “आई अजून भरवतेच आहे त्याला.”

अरुंधती हसली. क्षीण, पण खरंखुरं.

“अहो, टिटवी घरटं बांधत नाही. पिल्लं निघाली त्याच दिवशी पळायला लागतात, आपलं आपण टिपून खातात. भरवत नाही त्यांना कोणी.”

कृष्णकांतांनी हातातला पाण्याचा चमचा खाली ठेवला.

“डंपर आले तेव्हा मी ऐकत होते,” ती म्हणाली. “टिटवी कितीतरी वेळ ओरडत होती. मी हाका मारल्या, कोणी नव्हतं. उठायचा प्रयत्न केला, जमलं नाही. मग ती गप्प झाली. तुम्ही यायच्या आधीच माझं रडून झालं होतं.”

त्यांनी तिचा हात दोन्ही हातांत धरला.

“मग बोलली का नाहीस तू, इतके दिवस?”

“पिल्लं नाहीत म्हटलं असतं,” अरुंधती म्हणाली, “तर तुम्ही पुन्हा गप्प झाला असतात.”