केसाएवढा ओरखडा

जयवंत मुलुंडच्या कारखान्यात इन्स्पेक्शनचा सुपरवायझर. घरी येऊन पानावर बसला की त्याचं बेलापुराण सुरू. मोटारीच्या पिस्टनवरून त्याच्या खात्यातल्या बेलानं नुसतं बोट फिरवलं की केसाएवढा ओरखडासुद्धा सुटत नाही, तिनं पास केलेला माल कधी परत येत नाही. ऐकून ऐकून जानकीला स्वतःच्या हातची आमटी कडू लागायला लागली होती.

त्र्याऐंशीच्या दसऱ्याला मशीनच्या पूजेसाठी घरच्यांना कारखान्यात आत सोडलं. जानकी मुद्दाम लग्नातला शालू नेसली. परवा मनगटाला तव्याचा चटका बसला होता, तो तिनं ठेवणीतल्या बांगड्यांखाली झाकला, चुरचुरत होता तरी. बघू दे त्या भवानीला, जयवंतची बायको कशी आहे ती.

"बेला, ही आमची जानकी," जयवंत म्हणाला.

बेलानं आवाजाच्या रोखानं हात पुढे केला, तो जरा भलतीकडेच. तेव्हा कुठे जानकीच्या ध्यानात आलं की हिला डोळ्यांनी दिसतच नाही. शालू फुकट गेला, पण छातीवरचा धोंडा उतरला. तिनं हसून आपला हात तिच्या हातात दिला.

बेलाची बोटं मनगटाकडे सरकली आणि बांगड्यांपाशी थांबली.

"वहिनी, बरंच भाजलंय हो. जयवंत, तुला दिसलं नाही?"