मला फक्त घर हवंय

आमच्या गल्लीचा इतिहास लिहायचा म्हणून घरोघरी जाऊन जुने फोटो मागितले आणि डोक्याला हात लावला. एकाही फोटोत घर धड दिसेना. दारासमोर कुणाची तरी आत्या, खिडकीसमोर सायकल धरलेले काका, आणि बांधणीचं साल कोरलेल्या दगडापुढे नेमकं कुणाच्या तरी मामाचं डोकं.

"जरा बाजूला उभं राहायला काय झालं होतं यांना?" मी आईपाशी चरफडलो.

म्हटलं, निदान आजची घरं तरी नीट टिपू. पण कॅमेरा काढला रे काढला की शेजारचे आजोबा केस विंचरून फाटकात हजर, समोरच्या वहिनी बाळाला घेऊन पायरीवर. "आजोबा, जरा सरका, मला फक्त घर हवंय," असं सांगून सांगून घसा बसला. शेवटी सगळी जेवायला आत गेली, तेव्हा कुठे मनासारखे फोटो मिळाले.

पुस्तक छापून आलं. पहिली प्रत आईच्या हातात दिली. तिने सगळा जन्म याच गल्लीत काढलेला. चष्मा लावून एकेक फोटो निरखत ती शेवटच्या पानापर्यंत गेली.

"छान आलेत रे. पण ही गल्ली कुठली?"